अवऱ्यांची शेवटची मूठ

डिसेंबर लागला की बंगळूरच्या बाजारात अवऱ्यांचे ढीग पडतात आणि दर वर्षी मी तोच मूर्खपणा करते. ढिगातली शेंग उचलते, अंगठ्याने साल चोळते आणि बोटं नाकाशी नेते. जयनगरचा भाजीवाला मला ओळखून आहे. "अम्मा, तुम्ही नाकाने भाजी घेता," म्हणतो. घेते, बाबा! ज्याने आमच्या आईच्या अवऱ्यांचा वास एकदा घेतलाय, त्याने दुसरं काय करावं? वास येत नाही. तरी किलोभर घेते आणि घरी पोचेपर्यंत उगाच चिडलेली असते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अवरे म्हणजे वालाच्या जातीतले दाणे. पुण्याकडचे पाहुणे "अगंबाई, हे तर आपले पावटे" म्हणून मोकळे होतात. म्हणोत बापडे. पावट्याला थंडीच्या दवात सुटणारा तो चिकट, तुपट वास असतो का? शेंगा सोलल्या की बोटांना तेलासारखं काहीतरी लागायचं आणि साबणाने दोनदा हात धुतले तरी जायचं नाही. शाळेत माझ्या वहीलाही तो वास यायचा. मैत्रिणी वही नाकाशी धरायच्या आणि म्हणायच्या, "आज तुझ्याकडे अवऱ्याचं सारू." सारू म्हणजे आमटी. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. आता त्या वहीचं एक पान कुणी आणून दिलं तर मी काय वाटेल ते देईन.

आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, अंगणाबाहेर कानडी, आणि भांडताना दोन्ही. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सरकारी कचेरीत कारकून होते. पन्नास साल उलटून गेलं होतं, जयनगर तेव्हा नुकतं आखलं जात होतं. दगडाचे खुंट रोवलेले, रस्ते निम्मे कागदावर. आमचं घर त्या खुंटांच्या अगदी कडेला होतं आणि घरामागून वीस मिनिटं चाललं की आमचं दोन एकर रान लागायचं. अण्णांची जमीन, पण जीव आईचा.

त्या रानाला सगळे रागीचं शेत म्हणायचे. रागी म्हणजे नाचणी. पण नुसती रागी आमच्याकडे कुणी पेरत नसे. रागीच्या आठ-दहा ओळी झाल्या की एक ओळ अवऱ्यांची, मध्येच कुठे तूर, कडेने मोहरी. त्या मधल्या ओळीला अक्कडी म्हणतात. रागी कापून घरी आली की मोकळ्या झालेल्या रानात अवरे हातपाय पसरायचे आणि धुक्याच्या दिवसांत शेंगांनी लगडायचे.

ते बी आईच्या माहेरचं. तिच्या माहेरी रीत अशी, की मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंड, आणि त्याबरोबर अवऱ्यांच्या बियांची एक पुरचुंडी घालायची. आजीने आईला दिली, पणजीने आजीला दिली होती. माहेरी पुढे मामांनी द्राक्षाचा मळा केला आणि तिथलं बी संपलं. राहिलं ते आमच्याकडे. मी आईची एकुलती मुलगी. राख चोळलेलं बी मडक्यात भरताना आई दर वर्षी म्हणायची, "हे तुझं आहे. मी नुसती सांभाळतेय." आणि मी दर वर्षी तोंड वेंगाडायचे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला दागिने सोडून ओटीत कडधान्य हवं असतं होय?

आईचा आणखी एक नियम होता. पेरताना सगळं बी कधी काढायचं नाही. एक मूठ मडक्यात राखायची, नव्या शेंगा हाताला लागेपर्यंत तिला शिवायचं नाही.

आता खुरपणीचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. श्रावणात रागी वीतभर झाली की तिच्याबरोबर तण माजायचं. मग आई, मी आणि शेजारच्या वाडीतली एक म्हातारी अक्का, अशा तिघी ओळीने बसायचो. अक्का जन्मभर खुरपणीच करत आली होती. तिचं खुरपं रागीच्या बुडाशी बोटभर अंतरावरून फिरायचं आणि रागीचं पानही हलायचं नाही. वर तोंड अखंड चालू. खरं तर निम्मं तण आम्ही खायचो. घोळ, माठ, तांदुळजा, आणखी कसले कसले पाले अक्का ओच्यात जमा करायची आणि जाताना निम्मे आईच्या पदरात टाकायची. त्या मिसळीच्या पाल्याची भाजी आणि रागीचा गरम मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा! आज कुठल्या हॉटेलात मिळेल?

पण तेव्हा मला खुरपणीचा भयंकर संताप यायचा. मी अभ्यासात हुशार होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सहामाही परीक्षा तोंडावर, आणि मी गुडघे मोडून चिखलात. हाताला फोड. एका रविवारी मी खुरपं भिरकावलं आणि ओरडले, "मी काय शेतमजूर आहे? नापास झाले तर तुम्ही जबाबदार!" आईने हात उगारला होता. अण्णांनी तो धरला. मला जिंकल्यासारखं वाटलं.

चार-पाच दिवसांनी अण्णा कचेरीतून आले तेव्हा सायकलच्या कॅरियरला पाठीवर घ्यायचा पितळी पंप बांधलेला होता आणि पिशवीत औषधाची बाटली. तण मारायचं औषध. इंग्रजी छापलेला कागद होता त्याबरोबर. अण्णांनी तो ओसरीवर मोठ्याने वाचला आणि आम्हाला मराठीत सांगितला. रागीसारख्या धान्याच्या पिकाला अपाय नाही, तण तेवढं मरतं. "विज्ञान आहे हे," म्हणाले. "आता माझी लेक पुस्तक धरेल, खुरपं नव्हे." मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

आईने विचारलं, "आणि अवरे?"

"अगं, आपण पेरलं ते पीक, आपोआप उगवलं ते तण. एवढं साधं आहे."

अक्का पायरीवर बसली होती. ती कानडीत म्हणाली, "औषधाला काय ठाऊक, तुम्ही काय पेरलंत ते?" अण्णा हसले. म्हणाले, "सरी, सरी, बरं बाई, तुझी मजुरी बुडते म्हणून बोलतेस." तसे ते कुणाला लागेल असं बोलणारे नव्हते. त्या दिवशी हातात छापील कागद होता, त्याचा तोरा. कारकुनाचा छापील कागदावर देवापेक्षा जास्त विश्वास!

रविवारी सकाळी त्यांनी सबंध रानावर औषध मारलं, ओळ न ओळ. आंबूस, डोक्यात चढणारा वास सुटला होता. तिसऱ्या दिवशी तण माना टाकायला लागलं. अण्णांनी मला मुद्दाम दाखवायला नेलं. घोळ पिवळी, माठ जमिनीवर लोळलेला, आणि रागी मात्र ताठ. ते कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि शीळ वाजवायला लागले. मी त्यांना तेव्हा एकदाच शीळ वाजवताना ऐकलं.

परत फिरताना माझं लक्ष अवऱ्यांच्या ओळीकडे गेलं. म्हटलं, "अण्णा, हे असे का झालेत?" शेंडे खाली वळले होते. देठांना पीळ पडलेला. कोवळी पानं वाटीसारखी आत दुमडलेली. अण्णा म्हणाले, पाणी कमी पडलं असेल. पण आवाज बदलला होता. आठवड्याभरात देठ सुजले, उकलले, आणि नवी पानं आली ती दोऱ्यासारखी बारीक. तुरीचं तेच, मोहरीचं तेच. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं. आई ओळीत बसली आणि एकेक शेंडा बोटांनी सरळ करायला लागली. सोडला की तो परत वाकडा. ती पुढच्या झाडाकडे जायची. अण्णा बांधावर उभे होते. त्यांना खाली उतरवेना.

संध्याकाळी त्यांनी तो कागद दिव्यापाशी धरून पुन्हा वाचला, शेवटपर्यंत. खाली बारीक अक्षरांत होतं. औषध अरुंद पानांच्या धान्याला सोडून देतं, रुंद पानांच्या झाडांवर पडू देऊ नये. पिकाची रुंद पानं कुठली आणि तणाची कुठली, हे त्याला कळत नाही. आणि कागद लिहिणाऱ्याच्या शेतात एकच पीक होतं. आमच्या शेतात चार होती. अण्णांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अर्धाच वाचला मी."

आई आत गेली, मडकं घेऊन आली आणि त्यांच्यासमोर त्याचं तोंड उघडलं. "मूठ आहे," एवढंच म्हणाली. त्या एका वाक्याने आमच्या घराचा जीव भांड्यात पडला.

त्या वर्षी रागी मात्र भरभरून आली, मेली. मुद्द्याबरोबर बाजारातल्या अवऱ्यांचं सारू. कुणी चवीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या वर्षी अण्णांनी ती मूठ शेतात पेरू दिली नाही. "माझ्या डोळ्यांसमोर हवी," म्हणाले. बी जुनं झालं की उगवत नाही, तेव्हा सगळीच मूठ काढावी लागली. आईचा जीव खालीवर होत होता, पण इलाज नव्हता. परसात विहिरीमागे वाफा केला. एकवीस रोपं आली. कचेरीला जाण्याआधी अण्णा धोतर खोचून तिथे बसायचे आणि स्वतः खुरपायचे. हो, अण्णा! अक्काला बोलावून खुरपं कसं धरायचं ते शिकून घेतलं होतं. ती शिकवताना पोट धरून हसायची आणि तेही हसायचे. कार्तिकात फुलं धरली. संध्याकाळी परसात वास यायला लागला, अजून शेंग नाही तोच. आई पायरीवर बसून नुसता श्वास घ्यायची.

आणि मग शेंड्यांवर मावा पडला. काळे बारीक किडे, चिकटून बसलेले. आई म्हणाली, राख टाकू. टाकली, भागलं नाही. अक्का म्हणाली, तंबाखूचं पाणी आणि साबण. पण ते फवारायला हवं, आणि फवारायला घरात एकच वस्तू होती. माळ्यावरचा तो पंप.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. अण्णांनी तो कागद पुन्हा काढला आणि या वेळी अक्षर न अक्षर वाचला. त्यात होतं, की हा पंप दुसऱ्या कामाला घ्यायचा तर कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून तीनदा धुवावा, नळीत पाणी भरून ठेवावं, मग ओतावं. ते जाऊन सोड्याची पुडी घेऊन आले. सकाळी कचेरीला निघताना पुडी माझ्या हातात दिली आणि सगळं दोनदा सांगितलं. "तीनदा धुवायचा हं बाळ. कढत पाण्याने. संध्याकाळी येऊन मी फवारतो." शाळेला सुट्टी होती. मी म्हटलं, "हो."

कढत पाण्याला बंब पेटवावा लागणार. नारळाच्या शेंड्या, धूर, डोळ्यांची आग. आणि मैत्रिणीकडून आणलेलं गोष्टीचं पुस्तक संध्याकाळी परत द्यायचं होतं, शेवटची साठ पानं राहिलेली. मी विहिरीचं गार पाणी तांब्याभर पंपात घातलं, खळखळ हलवलं, ओतून दिलं. स्वच्छ दिसलं. वासही आला नाही, निदान मला तरी नाही. पुडी न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवली आणि पुस्तक घेऊन बसले. गोष्ट काय होती ते आज एक ओळही आठवत नाही.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "धुतलास?"

"हो."

"तीनदा?"

"हो म्हटलं ना!" वर चिडलेसुद्धा मी.

त्यांनी एकेक झाड हाताने उचलून पानांच्या खालून फवारलं. मावा गेला. चौथ्या दिवशी शेंडे वळले.

आम्हाला आता ते ओळखायला वेळ लागला नाही. फुलं गळली, वास गेला, एकवीसच्या एकवीस झाडांना एक शेंग धरली नाही. अण्णा वाफ्याशी उकिडवे बसून राहिले. आई त्यांना उठवायला गेली तर तळहात तिच्यापुढे धरून म्हणाले, "माझ्या हातातच काहीतरी आहे ग. मी धरीन ते मरतं." मी दारात उभी होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं! वाटलं, आता बोलले तर हे कायमचं माझ्या नावावर. मी आत पळाले.

त्यानंतर अण्णांनी झाडाला हात लावला नाही. थट्टा नाही, खरंच नाही. तुळशीला पाणी घालायचा तांब्या हातात दिला तरी तो आईकडे सरकवायचे. रान वाट्याने दिलं, पुढे तिथे घरं उठली. पण थंडी आली की त्यांची सायकल बाहेर पडायची. के. आर. पुरमची संते, म्हणजे आठवडी बाजार, होसकोटेच्या वाटेवरची गावं, महादेवपुऱ्याकडची खेडी. तेव्हा ती खेडीच होती. जिथे अवरे दिसतील तिथे उतरायचे, शेंग चोळायचे, वास घ्यायचे. लोकांना वाटायचं, कुठला हा वेडा ब्राह्मण की मराठा, बाजारात शेंगा हुंगत फिरतोय. घरी येऊन चार शेंगा आईच्या हातावर ठेवायचे. आई चोळायची, डोळे मिटायची, आणि मग हळूच म्हणायची, "नाही हो." वर्षानुवर्षं हे चाललं. "सरी," अण्णा म्हणायचे आणि पंप मारून सायकलमध्ये हवा भरायला जायचे.

साठ सालानंतर माझं लग्न ठरलं. लग्नाच्या आठवडाभर आधी, स्वयंपाकघरात अवरे सोलताना आई सहज बोलावं तसं बोलली. "सोड्याची पुडी कोनाड्यात तशीच होती. दोरासुद्धा सोडलेला नव्हता."

माझ्या हातातली शेंग पडली. "मग अण्णांना का नाही सांगितलंस?"

"ते औषध त्यांनी कुणासाठी आणलं होतं? स्वतःची चूक माणूस कशीतरी सोसतो. तुझ्या हातून झालं म्हटल्यावर ते दुप्पट मेले असते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "पण तू सांगणार असशील तर सांग. ते तुझं काम आहे, माझं नव्हे." आणि सोलायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सात दिवस होते माझ्याकडे. रोज ठरवायचे.

निघायच्या वेळी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड. पुरचुंडीची वेळ आली तेव्हा आईचे हात थांबले. एवढ्यात बायकांमधून वाट काढत अण्णा पुढे आले. पुरुषाचं तिथे काम नसतं, पण कुणी अडवलं नाही. रुमालाच्या टोकाला गाठ मारलेली होती. ती त्यांनी स्वतः सोडली नाही, माझ्या ओटीत तशीच ठेवली. "ते नव्हे हे," म्हणाले. "जवळात जवळचं मिळालं ते आणलंय. तुझ्या हाताने लाव. माझ्या हाताला यश नाही."

मी खाली वाकले, त्यांच्या पायांना हात लावला, आणि म्हणाले, "असू दे, अण्णा." असू दे! सबंध आयुष्यात मी बोललेले ते सगळ्यात वाईट दोन शब्द.

ते बी मी सासरी लावलं. छान वाढलं, हिरवंगार. त्याला फुलं यायच्या आत अण्णा गेले. शेंगा आल्या तेव्हा मी एक चोळून पाहिली. वास नव्हता. मग आई गेली, आणि तो वास नक्की कसा होता हे विचारायलाही कुणी राहिलं नाही. कधी कधी वाटतं मीच तो मनाने वाढवलाय. पण बाजारात शेंग उचलली की बोटं आपोआप नाकाशी जातात, अण्णांची जायची तशी. मग मला कळतं की मी अवरे शोधत नाही. कुठल्या तरी ढिगापाशी, सायकलला टेकून, तळहात उघडा धरून ते उभे असतील असं वाटतं, आणि मला तेवढा एक तळहात हातात घ्यायचा असतो.

अण्णा, तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं. पंप मी धुतला नव्हता.